जुन्या सहा सिलिंडर मस्टँगला सायलेन्सर एक की दोन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी मस्टँग घ्यायची हौस असते, आठ सिलिंडरच्या व्ही-८ च्या किमती कानावर पडतात, आणि माणूस मुकाट्याने सहा सिलिंडरवर येतो. त्यात कमीपणा काही नाही. साधं, चिवट, कुठेही दुरुस्त होणारं इंजिन आहे. पण गाडी दारात आली की थोड्याच दिवसांत मालक वाकून मागचा बंपर न्याहाळतो आणि म्हणतो, "एकच पाइप?" अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींत हा विषय निघाला की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत. गाडी धरली आहे १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग. नव्या व्ही-६ मस्टँगबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

माझ्या गाडीत नेमकं कोणतं इंजिन आहे, हे कसं ओळखायचं?

व्हिन नंबरातलं पाचवं अक्षर बघा. 'टी' असेल तर कारखान्यातून २०० घनइंची, म्हणजे ३.३ लिटरचं सरळ सहा सिलिंडर इंजिन बसून आलेलं आहे. कंपनीचा आकडा १२० हॉर्सपॉवर. 'यू' असेल तर गाडी अगदी सुरुवातीच्या, १९६४ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या खेपेतली, १७० घनइंची आणि १०१ हॉर्सपॉवरची. 'सी' किंवा 'ए' असूनही बोनेटखाली एका ओळीत सहा प्लग दिसत असतील, तर मधे कोणीतरी व्ही-८ उतरवून सहा चढवलंय. साठ वर्षांत असले उद्योग होतातच.

उलटंही घडतं. नंबर 'टी' चा, पण ब्लॉक दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. ब्लॉकच्या कुशीला पाण्याच्या जॅकेटची गोल पत्र्याची झाकणं असतात, ती मोजा. १७० ला तीन असतात, १९६५ पासूनच्या २०० ला पाच. पाइप मागवण्याआधी एवढं बघून घ्या.

बाकीचं नंतर वाचतो. एक की दोन, तेवढं सांगा.

इंजिन मूळ अवस्थेत असेल तर एक, सव्वादोन इंची. कार्ब्युरेटर आणि कॅम बदललेले असतील, मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी हेडर (प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला जोड) आला असेल, तर दोन लावायला अर्थ आहे. निव्वळ आवाजासाठी दोन हवे असतील तर खुशाल लावा, हौसेला मोल नसतं. फक्त पॉवरसाठी लावतोय असं घरच्यांना आणि स्वतःला सांगू नका.

व्ही-८ ला कंपनीने दोन दिले, मग सहाला का नाही?

व्ही-८ लाही सरसकट दिलेले नव्हते. एप्रिल १९६५ मध्ये जीटी पॅकेज आलं, त्यात मागच्या पत्र्यातून बाहेर डोकावणारे ते दोन प्रसिद्ध भोंगे होते. पण ते पॅकेज घ्यायचं तर चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं २८९ घनइंची व्ही-८ घ्यावं लागे. सहा सिलिंडरवाल्याला ते मिळतच नव्हतं.

कंजूषपणा हे त्याचं अर्धंच कारण. या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांना वाटणारा भाग, वेगळा नाही. तो सिलिंडर हेडबरोबरच एकत्र ओतलेला आहे. हेडच्या अंगाला चिकटलेली एक आडवी पोकळ नळी, तिच्या मध्यावर एकच एक-बॅरल ऑटोलाइट ११०० कार्ब्युरेटर, आणि त्यातून निघालेलं मिश्रण दोन्ही टोकांच्या सिलिंडरपर्यंत वळणं घेत पोचणार. इथले लोक त्याला लॉग हेड म्हणतात. इंजिनाचा श्वास अडतो तो इथे, आत घेताना. अशा इंजिनाला मागून दुसरा पाइप जोडणं म्हणजे नळाला पाणी कमी येतंय म्हणून मोरीचं भोक मोठं करण्यातला प्रकार.

दोन पाइप लावल्यावर हॉर्सपॉवर किती वाढेल?

आधी हे १२० हॉर्सपॉवर काय आहेत ते पाहू. १९७२ च्या आधीचे अमेरिकन आकडे 'ग्रॉस' असत. इंजिन स्टँडवर चढवून, गाडीतला सायलेन्सर, एअर क्लीनर, पंखा वगैरे ओझं न लावता मोजलेले. गाडीत बसल्यावर त्यातले बरेच गळतात. तरी सोयीसाठी १२० च धरू.

आता वर्कशॉपांत चालणारा एक ढोबळ हिशेब. एका हॉर्सपॉवरमागे एक्झॉस्टमधून मिनिटाला साधारण २.२ घनफूट हवा जाण्याची सोय हवी, आणि सरळ पाइपच्या दर चौरस इंचातून मिनिटाला साधारण ११५ घनफूट जाते. आपल्या इंजिनाला मग २६४ घनफूट पुरे झाले. नेहमीच्या जाडीच्या, १६ गेजच्या पाइपचं आतलं क्षेत्रफळ काढलं तर चित्र असं दिसतं. दोन इंची पाइपमध्ये २.७५ चौरस इंच, म्हणजे ३१६ घनफूट, जवळपास १४० हॉर्सपॉवरची सोय. सव्वादोन इंचीत ३.५ चौरस इंच, १८० च्या वर. अडीच इंचीत ४.४, म्हणजे २३० हॉर्सपॉवर.

म्हणजे मूळ इंजिनाला दोन इंची एकच पाइपसुद्धा कागदावर पुरतो. सव्वादोन घ्यायचा तो वळणं आणि सायलेन्सर यांच्यात जे हरवतं त्याची भरपाई म्हणून, आणि पुढेमागे इंजिनाला हात लावलाच तर पुन्हा खर्च नको म्हणून.

गंमत पुढे आहे. पावणेदोन इंची दोन पाइपांचं मिळून क्षेत्रफळ भरतं ४.१ चौरस इंच. अडीच इंची एकच पाइप त्याहून मोठा ठरतो! शिवाय पाइप जितका बारीक, तितकी त्याच्या भिंतींची घासाघीस जास्त. नुसती वाट मोकळी करायची असेल तर एक जाड पाइप दोन बारीक पाइपांना भारी पडतो, वजनात हलका आणि खर्चात निम्म्याच्या आसपास.

जुन्या गाडीला दोन पाइप लावल्यावर "पिकअप वाढला" असं सांगणारे खोटं बोलत नसतात. गंजून आतून सोललेला, सायलेन्सरच्या जाळ्या ढासळलेला जुना पाइप काढून नवा लावला की फरक पडणारच. एक लावला असता तरी पडला असता.

थोडं बॅक प्रेशर राहू द्यावं लागतं ना? नाहीतर टॉर्क जातो म्हणतात.

बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा, कुठल्याही फोर स्ट्रोक इंजिनाच्या भल्याचं नाही. लागतो तो वायूचा वेग. सिलिंडरमधून धूर धडाक्याने निघाला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घ्यायला मदत होते. पाइप भलताच रुंद केला की वेग पडतो, ही मदत संपते, आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी मरगळते. लोक याला बॅक प्रेशर गेलं म्हणतात.

दुसरं कारण कार्ब्युरेटर. एक्झॉस्ट मोकळा झाल्यावर मिश्रण पातळ पडू शकतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र, न बदलता तशीच गाडी चालवली की ती धक्के देते आणि बिचाऱ्या पाइपावर आळ येतो. प्लग काढून बघा. पांढुरके दिसत असतील तर जेट एक नंबर वाढवा.

पण सरळ सहाला तीन-तीन सिलिंडरचे दोन गट पाडणं आदर्श असतं, असं वाचलंय.

वाचलंय ते बरोबर आहे, आणि दोन पाइपांच्या बाजूचा हाच खरा मुद्दा आहे.

या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. दर १२० अंशाला एक सिलिंडर पेटतो. पुढचे तीन आणि मागचे तीन असे गट करून हा क्रम पुन्हा वाचा: पुढचा, मागचा, पुढचा, मागचा, न चुकता आलटून पालटून. म्हणजे प्रत्येक गटात दर २४० अंशाला एक धक्का येतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो तो साधारण तेवढाच काळ. त्यामुळे एकाचा धूर निघत असताना शेजारचा येऊन त्याच्या वाटेत आडवा येत नाही. सहाही एकत्र केले तर हे धक्के एकमेकांवर चढतात.

जॅग्वार ई-टाइपच्या सरळ सहाला तीन-तीनचे दोन मॅनिफोल्ड आणि मागेपर्यंत दोन पाइप होते. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतल्या सहा सिलिंडर गाड्यांतही तीन-तीन वेगळे काढून मागे एकाच मोठ्या सायलेन्सरमध्ये आणलेले आहेत. हा मधला मार्ग लक्षात ठेवा, कारण फायदा मिळतो तो इंजिनाजवळच्या पहिल्या काही फुटांत. तिथे गट वेगळे ठेवले की काम झालं. पुढे दोन पाइप बंपरपर्यंत नेले काय किंवा गिअरबॉक्सच्या मागे एकत्र करून एकच नेला काय, इंजिनाला फारसा फरक पडत नाही.

मस्टँगमध्ये यासाठी सहातून दोन निघणारा हेडर लागतो. आणि एक बारीकशी गोष्ट, जी हेडर विकणारा बहुतेक वेळा सांगत नाही: या हेडमध्ये तीन आणि चार नंबरची एक्झॉस्ट भोकं मधोमध एकमेकांना लागून आहेत, आणि हे दोन्ही सिलिंडर वेगवेगळ्या गटांतले. म्हणजे बाहेर गट पाडले तरी हेडच्या तोंडाशीच दोघांचा धूर मिसळतो. त्यासाठी मधे बसवायचा पोर्ट डिव्हायडर मिळतो, छोटासा तुकडा, हेडमध्ये ठोकून किंवा वेल्ड करून पक्का करायचा. तो नीट बसला नाही तर सुटून हेडरमध्ये खडखडत बसतो. हेड खाली उतरलेलं असतानाच हे काम करावं.

दोन पाइप लावले की व्ही-८ सारखा आवाज येईल?

नाही. किती पैसे घालता यावर ते अवलंबून नाही.

अमेरिकन व्ही-८ चा तो गुरगुराट येतो तो त्याच्या क्रँकच्या रचनेमुळे: प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे धक्के सारख्या अंतराने येत नाहीत, कधी ९० अंशांवर, कधी १८०, कधी २७०. तीच ती अडखळती लय. सरळ सहाची लय मुळातच सम आहे, दुभागली तरी समच राहते.

दुभागल्याने स्वर मात्र बदलतो. ३००० फेऱ्यांवर एकाच पाइपातून सेकंदाला १५० धक्के बाहेर पडतात. दोन वेगळे पाइप असतील तर प्रत्येकातून ७५. आवाज खाली उतरतो आणि खरखरीत होतो, कापड टरकावल्यासारखा. ज्यांना तो आवडतो त्यांना दुसरा काही आवडत नाही. दोन पाइपांच्या मधे एच किंवा एक्स जोड दिला की दोन्हीकडचे धक्के मिसळतात आणि आवाज पुन्हा गुळगुळीत होतो.

ग्लासपॅक, म्हणजे काचतंतू भरलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, लावण्याआधी हायवेचा विचार करा. यातल्या बहुतेक गाड्यांना तीनच गिअर आहेत, ओव्हरड्राइव्ह नाही. ताशी ६५ मैलांवर इंजिन अडीच ते तीन हजारांवर फिरत असतं आणि बहुतेक सायलेन्सर नेमके त्याच पट्ट्यात घुमतात. गल्लीत दोन मिनिटं मस्त वाटलेला आवाज डेट्रॉइट ते शिकागो साडेचार तास ऐकायचा आहे. लांबी जास्त असलेला साधा टर्बो पद्धतीचा सायलेन्सर घ्या.

एकच पाइप मागे दुभागून दोन तोंडं काढली तर?

दिसायला उत्तम, इंजिनाला शून्य फरक. आजच्या कित्येक नव्या गाड्यांमागे दिसणारी दोन तोंडं अशीच असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मागच्या पत्र्याला भोकं पाडण्याआधी थांबा. मूळ पत्रा परत मिळत नाही. जीटीसारखा कापलेला तयार पत्रा वेगळा विकत मिळतो, तो लावा आणि आपला गुंडाळून माळ्यावर ठेवा.

हेडर लावला तर आणखी काय काय बदलावं लागेल?

ऑटोमॅटिक चोकला लागणारी गरम हवा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून एका बारीक नळीने येते. हेडर आला की ती सोय गेली, आणि सकाळी थंडीत गाडी नखरे करते. इलेक्ट्रिक चोकचा सेट बसवा.

कार्ब्युरेटरही बदलणार असाल तर प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे बघा. १९६७ पर्यंतच्या सहाला लोड-ओ-मॅटिक नावाचा डिस्ट्रिब्यूटर आहे. त्यात फिरती वजनं नाहीत. टायमिंग पुढेमागे करण्याचं सगळं काम व्हॅक्यूमवर चालतं आणि ते व्हॅक्यूम ऑटोलाइटच्याच एका खास व्हॉल्व्हमधून मिळतं. दुसरा कार्ब्युरेटर लावून हाच डिस्ट्रिब्यूटर ठेवला तर टायमिंग कधीच नीट लागत नाही. नव्या हेडरवर शेकडो डॉलर घालून गाडी आधीपेक्षा मंद झाली, अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो. नंतरच्या वर्षांचा, वजनांचा डिस्ट्रिब्यूटर याच ब्लॉकमध्ये बसतो, पण ऑइल पंपाच्या दांड्याचा माप जुळतोय का ते बघून घ्या.

गंजाचं काय? आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ असतं.

मीठ बाहेरून खातं, पाणी आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. पाइप पुरेसा तापला तर त्याची वाफ होऊन जाते. नाही तापला तर ते सायलेन्सरच्या पोटात साचतं. दोन पाइप असले की प्रत्येकातून निम्माच धूर जातो, दोन्ही उशिरा तापतात आणि आतून लवकर सडतात. रविवारी मैलभर फिरवून परत गॅरेजमध्ये ठेवायची गाडी असेल तर हा तोटा खरा आहे.

साधं लोखंड घेऊच नका. अॅल्युमिनाइज्ड पाइप बहुतेकांना पुरतो. ४०९ स्टेनलेसवर वरून तांबूस गंज दिसतो पण तो आत जात नाही. ३०४ चकचकीत राहतं आणि तेवढंच महाग.

दोन पाइप बसवताना धोक्याचं काही आहे का?

आहे, आणि ते गमतीवारी नेण्यासारखं नाही. या मस्टँगमध्ये पेट्रोलची टाकी डिक्कीच्या तळात बसवलेली आहे. टाकीचा वरचा पत्रा हीच डिक्कीची जमीन. दुसरा पाइप टाकीच्या कडेने जातो. अंतर ठेवा, हँगर पक्के करा, आणि मागचा अॅक्सल खाली-वर होताना पाइप कुठे लागत नाही ना, ते गाडी चाकांवर उभी असताना बघा.

दुसरं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. काचेखालच्या काऊलमधून पाणी झिरपून या गाड्यांची जमीन कुजते, हे त्यांचं जुनं दुखणं. कार्पेट उचलून बघा. तिथे भोकं असतील आणि पाइपाची तोंडं गाडीच्या पोटाखालीच सोडलेली असतील तर धूर आत येणार. तोंड बॉडीच्या बाहेर निघालंच पाहिजे. आधी जमीन दुरुस्त, मग पाइप.

कायदा काय म्हणतो?

राज्यागणिक वेगळा आहे. धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकन गाड्यांत १९७५ च्या मॉडेलपासून रूढ झाले, त्यामुळे ६५ च्या मस्टँगला काढायला काही नाहीच. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी माफ आहे, पण आवाजाची ९५ डेसिबलची मर्यादा जुन्या गाडीलाही लागू आहे.

गाडी कधी भारतात न्यायचा विचार असेल तर मात्र मूळ सांगाडा जपा. तिथल्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. आणि फेरफार केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतानाचे पोलिसांचे फोटो तुम्ही पाहिलेले असतीलच.

माझी व्ही-६ आहे, नवी. तिला हेच लागू होतं का?

अर्धं. २००५ ते २०१० च्या ४ लिटर, २१० हॉर्सपॉवरच्या व्ही-६ ला एकच पाइप आहे. जीटीवाले मालक आपले मूळ सायलेन्सर काढून स्वस्तात विकतात, ते बसवून अनेक जण दोन करतात. दिसतं छान, पॉवरची अपेक्षा नको. २०११ मध्ये आलेली ३.७ लिटर व्ही-६ ३०५ हॉर्सपॉवरची, आणि तिला कंपनीनेच दोन दिले. तिथे प्रश्नच मिटला. दोन्हींत कन्व्हर्टरला हात लावू नका; ते काढायला फेडरल कायद्याने मनाई आहे. जे काय करायचं ते कन्व्हर्टरच्या मागे.

दोन पाइपांचे पैसे बाजूला आहेत. दुसरीकडे कुठे घालू?

ब्रेकवर. ६५-६६ च्या सहा सिलिंडर मस्टँगला चारही चाकांना ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दुहेरी सर्किट १९६७ पासून आलं. दुहेरी सायलेन्सरच्या आधी दुहेरी मास्टर सिलिंडर लावा, यावर माझं मत बदलणार नाही. त्यानंतर पुढे डिस्क. त्यानंतर डिस्ट्रिब्यूटर.

ठरलं, एकच. मग वर्कशॉपवाल्याला नेमकं काय सांगू?

सव्वादोन इंची अॅल्युमिनाइज्ड पाइप, मॅनिफोल्डपासून बंपरच्या बाहेरपर्यंत. वळणं मँड्रेलवर काढलेली. दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो आणि मोजून घेतलेलं माप वाया जातं. सायलेन्सर अॅक्सलच्या पुढे, दोन्ही टोकांना वेल्डिंगऐवजी क्लॅम्प, म्हणजे पुढे तेवढाच बदलता येईल. मूळ मॅनिफोल्डला तडा आहे का ते इंजिन थंड असतानाच बघायला सांगा, चालू करताक्षणी टिकटिक ऐकू आली तर बहुतेक तडा आहेच. आणि काम झाल्यावर गाडी रॅम्पवरून उतरवण्याआधी स्वतः खाली जाऊन हँगर हलवून बघा.